वाळवलेली आमरी आणि झाकलेलं ठिकाण

एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. परदेशातल्या एका हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती जपणाऱ्या संस्थेच्या, ऑनलाइन संग्रहात तिने इंग्लंडमधल्या सिप्रिपेडियम कॅल्सिओलस या आमरीची (ऑर्किडची) जुनी शीट, म्हणजे नमुना चिकटवलेला कागद, पाहिली. लेबलवरचं ठिकाण झाकलेलं होतं. ती विचारते: इतकी दुर्मिळ वनस्पती उपटून कागदावर का चिकटवली? ठिकाण का लपवतात? अशा वाळक्या नमुन्याचा आज उपयोग काय? आणि मला सह्याद्रीतल्या आमरींवर प्रकल्प करायचा आहे, तर मी नमुने गोळा करावेत का?

सर्वांत बोचणारा प्रश्न पहिला आहे, म्हणून त्याचंच उत्तर आधी देते. होय, ही वनस्पती इंग्लंडमधून जवळजवळ संपवण्यात गोळा करणाऱ्यांचा मोठा हात होता. त्यात बागवाले होते, बाजारात फुलं विकणारे होते आणि आपल्यासारखे वनस्पतिशास्त्राचे लोकही होते. हर्बेरियममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाने हे आडपडदा न ठेवता सांगितलं पाहिजे, कारण तुम्ही पाहिलेली शीट त्याच इतिहासाचा पुरावा आहे.

ही आमरी थंड प्रदेशातली. स्कँडिनेव्हिया, मध्य युरोपातले डोंगर, रशिया आणि तिथून थेट पूर्व आशियापर्यंत तिचा पसारा आहे. तिला चुनखडीची जमीन, विरळ झाडी आणि कडक हिवाळा लागतो. आपल्या सीतेच्या वेणीसारखी ती झाडाच्या फांदीवर वाढत नाही. जमिनीत आडवं खोड असतं आणि त्यातून दर वसंतात नवा कोंब वर येतो. घड्या पडल्यासारखी रुंद पानं, टोकाला एखादं, फार तर दोन फुलं. किरमिजी-तपकिरी, पिळवटलेल्या अरुंद पाकळ्या आणि मधोमध पिवळीधमक फुगीर थैली. इंग्रजीत तिला लेडीज स्लिपर म्हणतात. इंग्लंडमध्ये ती उत्तरेकडेच होती, म्हणजे यॉर्कशायर, डरहॅम, कंब्रिया या भागांतल्या चुनखडीच्या टेकड्यांवर.

तिची तिथली जुनी छापील नोंद १६२९ सालची. लंडनचे औषधविक्रेते आणि बागप्रेमी जॉन पार्किन्सन यांनी आपल्या बागवनस्पतींच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की इंगलटन गावाजवळच्या हेल्क्स नावाच्या रानात ही आमरी वाढते आणि त्या भागात राहणाऱ्या थॉमसिन टनस्टॉल या बाईंनी तिची मुळं त्यांना लंडनला अनेकदा पाठवली. म्हणजे नोंद झाली तीच उपटलेल्या झाडांवरून. पुढची दोन-अडीचशे वर्षं हेच चालू राहिलं. यॉर्कशायरमधल्या सेटलच्या बाजारात या फुलांच्या जुड्या विकायला येत. बागेत लावायला गड्डे खणून नेले जात. रानं तुटली, मेंढ्या चरल्या, तेही होतंच. पण मेंढी पान खाते, जमिनीतलं खोड नेत नाही. खोड माणसाने नेलं.

एकोणिसाव्या शतकात यात हर्बेरियमची हौस मिसळली. ब्रिटनमध्ये तेव्हा नमुन्यांची अदलाबदल करणारी मंडळं होती. सभासदाने एकाच जातीचे बरेच नमुने वाळवून पाठवायचे आणि बदल्यात इतरांचे घ्यायचे. या व्यवहारात सामान्य गवताला कोण विचारणार? दुर्मिळ आमरीला मात्र भाव. त्यामुळे जात जितकी कमी होत गेली, तितकी तिची मागणी वाढत गेली. १९१७ मध्ये ती ब्रिटनमधून नष्ट झाल्याचं जाहीर झालं. मग १९३० मध्ये यॉर्कशायर डेल्समध्ये एक झाड सापडलं. एकच.

आता ती शीट पुन्हा उघडा आणि झाडाचं खालचं टोक बघा. आडवं खोड आणि मुळं चिकटवलेली असतील, तर ते झाड त्या दिवशी संपलं. देठ जमिनीलगत कापलेला दिसत असेल, तर झाड जगलं असण्याची शक्यता आहे, कारण पुढच्या वर्षीचा कोंब जमिनीतल्या खोडावर असतो. एका शीटवर किती झाडं आहेत तेही मोजा. मग लेबलवरची तारीख, संग्राहकाचं नाव आणि आणखी कुणी नंतर लावलेल्या चिठ्ठ्या वाचा. त्या चिठ्ठ्यांवर ओळख तपासणाऱ्याची सही आणि वर्ष असतं. शंभर-दीडशे वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी त्याच नमुन्याकडे बघून काय ठरवलं, हे तिथे ओळीने सापडतं. कोपऱ्यात कागदाची छोटी पुडी असेल तर तिच्यात गळून पडलेले तुकडे असतात. नवशिके तिच्याकडे दुर्लक्ष करतात, पण पुष्कळदा कामाची गोष्ट त्या पुडीतच सापडते.

फुलाचा रंग मात्र शीटवर शोधू नका. वाळल्यावर ती पिवळी थैली मळकट तपकिरी होते आणि दाबामुळे सपाट बसते. या फुलाची सगळी करामत त्या थैलीच्या फुगीरपणात आहे. काठ आत वळलेले आणि आतली बाजू गुळगुळीत, म्हणून अँड्रिना गटातली, जमिनीत घर करणारी लहान मधमाशी आत पडली की आल्या वाटेने बाहेर येऊ शकत नाही. मागच्या बाजूला केसांची चढण असते आणि तिथून उजेड आत येतो. ती माशी त्या दिशेने चढते. वाटेत आधी तिची पाठ स्त्रीकेसराला घासते, मग बाहेर पडायच्या अरुंद फटीत परागांचा चिकट गोळा पाठीला लागतो. मध मात्र तिला मिळत नाही. दाबलेल्या फुलात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून आमरीच्या अभ्यासाला एकटी शीट कधीच पुरत नाही. फूल स्पिरिटमध्ये ठेवलेलं हवं, नाहीतर निदान नीट फोटो आणि लेबलवर रंगाची नोंद हवी.

ठिकाण झाकण्याचं कारण आता लक्षात आलं असेल. १९३० मध्ये सापडलेल्या त्या झाडाची जागा जाणकारांनी पिढ्यान्‌पिढ्या गुप्त ठेवली. फुलण्याच्या दिवसांत तिथे पहारा असे. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने ही जात संरक्षित आहे, तरीही कायद्याइतकाच भरवसा गुप्ततेवर ठेवावा लागला. हा अतिरेक वाटत असेल तर व्हिएतनाममध्ये काय झालं ते पाहा. पॅफिओपेडिलम कॅन्ही ही याच कुळातली आमरी २०१० मध्ये शास्त्रीय नाव मिळून जगासमोर आली आणि बघता बघता व्यापाऱ्यांनी तिच्या रानातल्या जागा ओरबाडून नेल्या. त्याच देशातल्या पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्सचीही १९९९ नंतर तीच गत झाली. नवी जात जाहीर करणारा शोधनिबंधच चोरांचा नकाशा ठरतो, हे या क्षेत्रातलं फार दुखरं सत्य आहे.

म्हणून संग्रहालयं संवेदनशील जातींच्या शीट्स ऑनलाइन टाकताना लेबलचा तो भाग झाकतात किंवा अक्षांश-रेखांश मोठ्या चौकटीत गोल करून देतात. माहिती नष्ट केलेली नसते. खऱ्या कामासाठी संस्थेमार्फत विनंती केली, तर क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारे, पडताळून देतात. मला कुणी अशी विनंती पाठवली तर मी आधी विचारते की नेमकं ठिकाण कशासाठी हवं. तालुक्यापर्यंतची माहिती पुरत असेल तर तेवढीच देते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. तुमच्या मोबाइलमधल्या फोटोत जागेची नोंद आपोआप जाते. आमरीचा फोटो समाजमाध्यमावर टाकण्याआधी ती काढा. निरीक्षणं नोंदवायच्या अ‍ॅपवर जागा अंधुक करण्याची सोय असते, ती वापरा. फोटोच्या पार्श्वभूमीला ओळखीचा कडा किंवा देऊळ असेल तर तो फोटो टाकूच नका.

तिसरा प्रश्न उपयोगाचा. जात एकदा रानातून गेली की ती आधी कुठे होती, कोणत्या मातीत होती, केव्हा फुलायची, हे सांगणारा खात्रीचा साक्षीदार शीट हाच असतो. कुणाच्या तरी आठवणीवर किंवा जुन्या यादीवर वाद घालता येतो, पण शीटवर झाडच समोर असतं आणि ओळख चुकली असेल तर ती आज दुरुस्त करता येते. जुन्या शीट्सवरच्या ठिकाणांवरून या आमरीचा पूर्वीचा विस्तार मांडता येतो आणि ती पुन्हा कुठे लावावी हे ठरवायला त्याची मदत होते.

फुलण्याच्या वेळेचं एक उदाहरण तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. इंग्लंडच्या दक्षिणेत ऑफ्रिस स्फेगोडेस नावाची दुसरी एक आमरी आहे. २०११ मध्ये कॅरन रॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी तिच्या १८४८ ते १९५८ या काळातल्या ७७ शीट्सवरच्या तारखा घेतल्या आणि त्या त्या वर्षाच्या वसंतातल्या तापमानाशी ताडून पाहिल्या. सरासरी तापमान एक अंश सेल्सिअसने जास्त असेल तर फुलण्याचा बहर सुमारे सहा दिवस लवकर येत होता. १९७५ नंतर प्रत्यक्ष रानात केलेल्या नोंदींतूनही तोच दर निघाला. ज्यांनी त्या शीट्स केल्या त्यांच्या मनात हवामानबदल असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी फक्त तारीख नीट लिहिली.

डीएनएचंही तसंच. जुन्या पानातला डीएनए तुटलेला असतो, पण त्याचे लहान तुकडे वाचता येतात. सिप्रिपेडियम कॅल्सिओलसमध्ये हे फार महत्त्वाचं ठरतं, कारण इंग्लंडमधल्या बागांत या जातीची झाडं आहेत आणि त्यातली काही युरोपातून आणलेली आहेत. अस्सल स्थानिक वाण कोणता हे ठरवल्याशिवाय रानात परत लावायचं कसं? लंडनच्या क्यू उद्यानातले मायकेल फे आणि सहकारी यांनी २००९ मध्ये वायव्य युरोपातल्या या आमरीची आनुवंशिक विविधता क्लोरोप्लास्टमधल्या (पेशींतल्या हिरव्या कणांमधल्या) डीएनएवरून मांडली. कोणतं झाड कोणत्या गोतावळ्यातलं, हा अंदाज अशा कामामुळे बांधता येतो.

पण शीटकडून नको ती अपेक्षाही करू नका. शीटवरच्या वाळलेल्या बोंडातलं बी पेरून जात परत आणता येत नाही. इंग्लंडमधली ही आमरी वाचली ती जिवंत संग्रहामुळे आणि प्रयोगशाळेमुळे. ती गोष्टही सांगितली पाहिजे, कारण हर्बेरियमचे लोक बऱ्याचदा आपल्या कपाटापाशीच थांबतात.

आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं. बोंडात ते हजारोंनी असतं, पण त्यात कोवळ्या रोपासाठी अन्नाचा साठा नसतो. रानात योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं आणि पहिली काही वर्षं तिच्याच जिवावर जमिनीखाली काढतं. पहिलं फूल यायला बरीच वर्षं जातात. एकाकी झाडाच्या बाबतीत तर माशी दुसऱ्या झाडाचे पराग घेऊन येणार कुठून? त्यामुळे राखण करणाऱ्यांनी हाताने परागीकरण सुरू केलं. १९८३ मध्ये रॉबर्ट आणि लिसा सेन्सबरी या दांपत्याच्या देणगीतून क्यूमध्ये आमरी-संवर्धनाचा प्रकल्प उभा राहिला आणि या जातीचं बी काचेच्या बाटलीत रुजवायचे प्रयत्न सुरू झाले.

अडचण अशी की पूर्ण पिकलेलं बी रुजायला फार त्रास देतं. त्याचं कवच पाणी धरू देत नाही आणि आत रुजणं रोखणारी द्रव्यं तयार झालेली असतात. उपाय निघाला तो हिरव्या बोंडाचा. परागीकरणानंतर काही आठवड्यांनी, कवच पक्कं होण्याआधी बोंड काढायचं, बाहेरून निर्जंतुक करायचं, चिरायचं आणि आतलं पांढरं कोवळं बी बाटलीतल्या पोषक माध्यमावर पसरायचं. दिवस चुकला तर सगळा हंगाम वाया जातो. फार लवकर काढलं तर गर्भ तयार नसतो, उशीर झाला तर कवच बंद झालेलं असतं. स्वीडनचे स्वान्ते माल्मग्रेन यांचा अनुभव इथे फार उपयोगी पडला. नत्र अमिनो आम्लांच्या रूपात दिलं तर उत्तरेकडच्या या आमरी चांगल्या रुजतात, हे त्यांनी दाखवलं. नेहमीच्या क्षारांच्या माध्यमावर ही बियाणी रुसतात. बाटल्या अंधारात ठेवायच्या. इवलंसं रोप तयार झालं की त्याला काही महिने थंडी द्यायची, म्हणजे त्याला हिवाळा काढल्यासारखं वाटतं आणि पहिलं पान फुटतं. उष्ण प्रदेशातल्या डेंड्रोबियम आमरींवर हात बसलेल्या माणसाला हा सगळा क्रम उलटा वाटेल.

बाटलीतून मातीत जाताना बरीच रोपं मरतात, आणि रानात लावल्यावर गोगलगायी उरलेल्यांचा समाचार घेतात. क्यूची पहिली रोपं १९८९ मध्ये रानात लावली गेली. परत लावलेल्या झाडाला पहिलं फूल आलं ते २००० साली. अकरा वर्षं लागली. ज्यांना तीन वर्षांच्या अनुदानात संवर्धनाचा निकाल हवा असतो त्यांच्यापुढे मी हा कालावधी ठेवते. आज लँकशायरमधल्या गेट बॅरोज या राखीव क्षेत्रात मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला लावलेली झाडं लोकांना बघता येतात. मला हे धोरण फार शहाणपणाचं वाटतं. अस्सल जागा गुप्त ठेवायची आणि लोकांची फूल बघायची ओढ भागवायला एक उघडी जागा द्यायची. नुसतं लपवून ठेवलं तर ओढ कमी होत नाही, ती चोरवाटा शोधते.

आता तुमचा प्रकल्प. भारतात आमरींच्या १२५६ जातींची नोंद भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या २०१९ च्या सूचीत आहे. सिप्रिपेडियम आपल्याकडे हिमालयात आहे, उत्तराखंडच्या उंच कुरणांत सिप्रिपेडियम हिमालयिकम आणि सिप्रिपेडियम कॉर्डिजेरम भेटतात. सह्याद्रीत सिप्रिपेडियम नाही. पण हबेनारियासारख्या जमिनीवरच्या आमरींची अडचण तीच आहे, पावसाळ्याच्या थोड्या आठवड्यांत वर येणारं झाड आणि जमिनीत पुढच्या वर्षाचा कंद.

माझं मत स्पष्ट आहे. आधी पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम केंद्रात, आघारकर संशोधन संस्थेत आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जाऊन बसा. तुमच्या जातीच्या आहेत त्या शीट्स बघा. निम्म्याहून अधिक प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतील आणि रानात काय शोधायचं आहे ते नेमकं कळेल. जुन्या शीट्सना हातमोज्यांशिवाय हात लावू नका, कीड लागू नये म्हणून त्यांवर पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड वापरत. सुट्टं फूल उघडून बघायचं असेल तर क्युरेटरची परवानगी घ्या, ते फूल थेंबभर साबण टाकलेल्या पाण्यात थोडा वेळ उकळा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईने अलगद पसरा. कडक, काळपट झालेला तो तुकडा मऊ होऊन त्याच्या ओठाचे, म्हणजे आमरीच्या वेगळ्या घडणीच्या पाकळीचे, भाग आणि शेपटीसारखी मधनळी वेगळी दिसायला लागते, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचं फूल आपल्याशी बोलायला लागल्याचा आनंद होतो. तो आनंद मला अजून पुरलेला नाही.

त्यानंतरही नमुना घ्यावाच लागला तर वनखात्याची लेखी परवानगी हातात असू द्या. घोळका मोठा असेल तरच घ्या. वीस झाडांमागे एकच घ्यायचं हा पाळला जाणारा नियम आहे, पण कंदवाल्या आमरींना मी तो लावत नाही. कंद जमिनीतच राहू द्यायचा, मग घोळक्यात दोनशे झाडं का असेनात. वरचा भाग कात्रीने कापा, निदान एक पान खाली राहील असं बघा. एक-दोन फुलं छोट्या बाटलीत सत्तर टक्के इथेनॉलमध्ये थेंबभर ग्लिसरीन घालून ठेवा आणि बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

आंबोलीच्या पावसात वाळवण्याचं काम जिकिरीचं असतं. वर्तमानपत्राचे कागदच दमट असतात. सकाळ-संध्याकाळ कागद बदला, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाकळ्यांवर बुरशी धरते आणि तिसऱ्या दिवशी पानं सांध्यातून गळतात. शक्य असेल तर नमुने दाबायच्या प्रेसखाली मंद उष्णता द्या. एक फूल देठापासून वेगळं करून टिश्यूच्या दोन कागदांमध्ये ओठ पसरून दाबा. ओठाचे भाग एकमेकांवर चिकटून वाळले तर पुढे कुणालाच ते उलगडत नाहीत.

लेबल त्याच संध्याकाळी लिहा. फुलाचा ताजा रंग, वास, वेळ, उंची, खडक, शेजारची झाडं, घोळक्यात अंदाजे किती झाडं दिसली, कोणती माशी किंवा पतंग आला. नेमकं ठिकाण पूर्ण लिहा, अक्षांश-रेखांशासह. झाकायचं ते ऑनलाइन टाकताना झाकता येतं, पण लिहिलंच नसेल तर पुढच्या अभ्यासकाला काहीच मिळत नाही. नमुना स्वतःच्या कपाटात ठेवू नका. मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करा, क्रमांक घ्या आणि तो क्रमांक प्रबंधात छापा. ठिकाण मात्र प्रबंधात तालुक्यापर्यंतच द्या आणि पूर्ण तपशील संग्रहात असल्याची ओळ खाली टाका.